दूरचा रेडिओ ऐकायचा तर विजेची शांतता हवी

दूरचा रेडिओ ऐकण्याचा छंद म्हटले की महागडा सेट आणि उंच अँटेना डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात या छंदाला त्याहून दुर्मीळ गोष्ट लागते : विजेच्या खरखरीपासून मोकळी जागा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांतून निघणाऱ्या लहरी शॉर्टवेव्हवरच येऊन बसतात आणि हजारो किलोमीटरवरून आलेला क्षीण सिग्नल त्यांखाली गाडला जातो. म्हणूनच वसईच्या पश्चिम पट्ट्यातली निर्मळसारखी वाड्यांची गावे या छंदासाठी मोलाची आहेत, आणि ते मोल केवळ छंदापुरते नाही.

याचा दाखला मुंबईतच मिळतो. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे चालत. सप्टेंबर १८५९च्या सौरवादळात तिथे नोंदलेली चुंबकीय क्षेत्रातली सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण आजही जगभरचे संशोधक अभ्यासतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने नाजूक मोजमापे बिघडणार म्हणून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. शहर वाढते तसे मोजणाऱ्याला शांत जागा शोधावी लागते, हे तेव्हाच मान्य झाले होते. रेडिओ ऐकणाऱ्याची अडचण त्याच जातकुळीची आहे.

ऐकणारा मोजतो तरी काय? जमिनीपासून सुमारे १०० ते ४०० किलोमीटर उंचीवरचा आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, शॉर्टवेव्ह पुन्हा खाली वळवतो आणि त्याची अवस्था सूर्यानुसार बदलत राहते. ती कळावी म्हणून हौशी रेडिओवाल्यांनी जगभर ठरावीक खुणेचे सिग्नल सोडणाऱ्या १८ बीकन केंद्रांची साखळी उभारली. १४.१०० मेगाहर्ट्झवर एसएसबीची (सिंगल साइडबँड) सोय असलेला सेट लावला की दर तीन मिनिटांत प्रत्येक केंद्राची दहा सेकंदांची पाळी येते. आधी मोर्समध्ये केंद्राची खूण, मग एकेक सेकंदाचे चार सूर : पहिला १०० वॉटचा, नंतर १०, १ आणि ०.१ वॉटचा. निर्मळहून सुमारे १,६०० किलोमीटरवरच्या कोलंबोचे किती सूर ऐकू आले, एवढे वेळेसह वहीत टिपले तरी त्या घटकेच्या आकाशाची नोंद होते. मात्र घरात खरखर असेल, तर तिसरा सूर आकाशाने गिळला की चार्जरने, हे सांगता येत नाही.

३० मेगाहर्ट्झच्या वरच्या लो-बँड व्हीएचएफमध्ये तर आपला भूगोलच कामाला येतो. चुंबकीय विषुववृत्त केरळमधल्या थुंब्याजवळून जाते; १९६३मध्ये अग्निबाण उडवायला ती जागा निवडण्याचे कारणही तेच. या विषुववृत्ताच्या उत्तरेला असलेल्या आपल्या किनाऱ्यावर सूर्य सक्रिय असताना, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, विषुववृत्तापलीकडचे सिग्नल येण्याची शक्यता असते.

इंटरनेटवर सगळे ऐकू येत असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. बातम्या किंवा गाणी हवी असतील तर तो बिनतोड आहे. पण परदेशातला ऑनलाइन रिसीव्हर त्याच्या डोक्यावरचे आकाश सांगतो, वसईचे नाही. हौशी माणसाच्या वहीला शास्त्रात काय किंमत, हा दुसरा आक्षेप. एकट्या वहीला वेधशाळेची जागा घेता येणार नाही, हे खरेच. तरीही ५० मेगाहर्ट्झचे सिग्नल विषुववृत्त ओलांडून जातात, हे १९४७मध्ये मेक्सिको आणि अर्जेंटिनातल्या हौशी मंडळींनीच दाखवून दिले. असे ऐकणे कायद्यात बसते का, ही शंकाही रास्त आहे. म्हणून ऐकणे प्रसारण केंद्रे, हौशी बँड आणि बीकन यांपुरतेच ठेवावे, पोलीस वा लष्करी संभाषणाच्या वाटेला जाऊ नये.

हरित वसईसाठी आजवर पाणी, शेती आणि झाडांच्या बाजूने बोलले गेले. त्यात विजेच्या शांततेचीही भर पडायला हवी. चांगल्या प्रतीचे दिवे आणि चार्जर वापरणे, ऐकताना सेट बॅटरीवर चालवणे, एवढे तर घरोघरी जमण्यासारखे आहे. अलिबागची नोंद शंभर वर्षांहून अधिक टिकली ती जागा वेळीच निवडल्यामुळे. निर्मळला तर जागा शोधावी लागणार नाही, आहे ती राखावी लागेल.