एक सेन्सर, दोन नोंदी : इंजिनातील तेलाचा दाब व उष्णतामान

शेतीच्या कामात इंजिनाचा शिरकाव होऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. साताऱ्याचा कूपर कारखाना १९२२ साली निघाला. पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. आणि आपल्या शहराजवळ वाळूज येथे १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून तर वाहनांचे भाग घडविणारी मोठी वसाहतच आपल्या शिवाराला लागून उभी राहिली आहे. असे असूनही आपल्या दारातल्या ट्रॅक्टराचे इंजिन आतून सुखी आहे की दुःखी आहे, हे ओळखण्याचे साधन आपल्यापैकी बहुतेकांजवळ एका तांबड्या दिव्यापलीकडे नाही. तो दिवा लागेपर्यंत नुकसान बहुधा होऊन गेलेले असते. म्हणून तेलाचा दाब व तेलाचे उष्णतामान ही दोन्ही एकाच ठिकाणी मोजणारा जो सेन्सर हल्ली मिळतो, तो बाजारातील सुट्या ईसीयूला कसा जोडावा, याविषयी आम्हांस पदरमोड करून जे कळले ते वाचक बंधूंपुढे ठेवावे असे योजिले आहे.

आमची उमर महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. आम्ही कोणी यंत्रशास्त्री नव्हे. परंतु सातबाऱ्याचा उतारा लिहिता लिहिता एक गोष्ट अंगी मुरली. गाव नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो आणि बारा तीत काय पिकते हे सांगतो. एकच अर्धा वाचून व्यवहार करणारा मनुष्य फसतो. इंजिनातील तेलाचेही नेमके असेच आहे. दाब हा सात, उष्णतामान हा बारा. एकावाचून दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

याचे कारण असे. तेल तापले म्हणजे पातळ होते आणि पातळ तेलाचा दाब आपोआप उतरतो. आपण ट्रॅक्टरात नेहमी घालतो ते १५डब्ल्यू-४० जातीचे तेल ४० अंशांवर जितके दाट असते, त्याच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकेच ते १०० अंशांवर दाट राहते. तेव्हा सकाळी थंड इंजिनात काटा ४ बार दाखवितो आणि वैशाखाच्या दुपारी नांगरट करून आल्यावर मंद गतीवर १.२ बार दाखवितो, यात वावगे काही नाही. परंतु उष्णतामान ७० अंशच असता दाब तितकाच खाली आला, तर बेअरिंग झिजले, तेल कमी पडले किंवा पंप थकला, असा तर्क करावा लागतो. आकडा तोच, अर्थ मात्र उलट.

आता आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही आमच्या घरच्या जुन्या ट्रॅक्टरावर असा जोड सेन्सर व एक सुटा ईसीयू एका कारागिराकडून बसवून घेतला. दाब १ बारच्या खाली गेला की भोंगा वाजावा, अशी व्यवस्था केली. काम दिसावयास नीटनेटके होते. पण रात्री दिवे लावून शेतातून परतताना, इंजिन मंद गतीवर आले की भोंगा वाजे. उतरून पाहावे तो तेल पुरेसे. चार वेळा असे झाले, दहा वेळा झाले. अखेर लांडगा आला रे आला या गोष्टीतल्याप्रमाणे कोणी त्याकडे लक्ष देईना, आणि एके दिवशी आमच्या चिरंजीवांनी भोंग्याची तारच काढून टाकली. आम्हीही त्यांस अडविले नाही. त्यानंतर महिन्याभरात तेलाच्या फिल्टरचे रबर सुटून भर कामात तेल गळाले. पडद्यावर आकडा उतरला असेलच. पण तापलेल्या उन्हात रोटाव्हेटरकडे मागे पाहणाऱ्या माणसाची नजर त्यावर कशी जावी? क्रँकची बेअरिंगे गेली. मृगाचा पाऊस पडला तेव्हा आमचे इंजिन उघडून पडलेले होते आणि कापसाची लावण शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर झाली. यावरून आम्ही असे शिकलो की, खोटी सूचना ही सूचना नसण्याहून घातक असते. तिच्यामुळे खरी सूचना मरते.

पुढे वायरिंगच्या एका जाणत्या कारागिराबरोबर दोन दिवस बसून चूक कोठे झाली हे तारेतारेने पाहिले. तेच आता क्रमाने देतो.

प्रथम ईसीयू म्हणजे काय ते पाहू. सेन्सरांकडून येणारे विजेचे इशारे वाचून त्यांप्रमाणे हुकूम सोडणारी ही पेटी होय. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले व त्यामुळे त्या वर्गात कंपनीचाच ईसीयू डिझेलाचा पुरवठा सांभाळू लागला. अशा नव्या ट्रॅक्टराच्या तारांना हात लावू नये. हमी जाण्याची धास्ती असते. आमचे लिहिणे जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनासंबंधी आहे. तेथे बाहेरून बसविलेली पेटी डिझेल मोजत नाही. ती फक्त पहारा करते आणि वेळ पडल्यास भोंगा वाजविते किंवा इंजिन बंद करणारी झडप ओढते. विहिरीवरच्या इंजिनाजवळ मनुष्य नसतो, तेथे हा पहारा अधिकच मोलाचा.

दुसरी बाब जागेची. आमच्या कारागिराने सेन्सर दोन हात लांब रबरी नळीच्या टोकास बसविला होता. दाब अशा बंद नळीतूनही टोकापर्यंत पोहोचतो. उष्णता पोहोचत नाही, कारण तेथील तेल हलतच नाही. आपल्या शहरातील पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे सहज समजेल. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालील नळांतून तेथे आणले आहे. नळात पाणी नुसते तुंबून राहिले तरी त्याचा भार टोकास लागेल. परंतु झऱ्याचे ताजे पाणी हाती यावयाचे तर ते वाहिलेच पाहिजे. त्याचप्रमाणे आमच्या पडद्यावर उष्णतामान सदैव ६० अंशांच्या घरात दिसे, मग आत तेल कितीही तापलेले असो. म्हणून जोड सेन्सर वाहत्या तेलातच बसवावा. तेलाच्या मुख्य वाहिनीवर सोयीचे भोक नसल्यास फिल्टर व इंजिन यांच्यामध्ये बसणारी चकती मिळते, तिच्यात तो बसवावा. आटे जुळतात की नाही हे आधी पाहावे, वॉशर नवा घालावा आणि पाना बेताने आवळावा.

तिसरी बाब तारांची. या सेन्सरास बहुधा चार तारा असतात. एक ५ व्होल्टचा पुरवठा, दुसरी परतीची म्हणजे अर्थिंगची, तिसरी दाबाचा इशारा आणि चौथी उष्णतामानाचा इशारा. बॉश कंपनीच्या एका प्रचलित प्रकारात पहिल्या पिनेवर अर्थिंग, दुसरीवर उष्णतामान, तिसरीवर ५ व्होल्ट व चौथीवर दाब असा क्रम आहे. परंतु कंपनी बदलली की क्रम बदलतो, सबब सोबतचे पत्रक पाहिल्यावाचून एकही तार जोडू नये. ५ व्होल्टच्या जागी बॅटरीचे १२ व्होल्ट गेले तर सेन्सर जागीच निकामी होण्याचा संभव असतो. पुरवठा ईसीयूतूनच घ्यावा आणि जोडणीपूर्वी बॅटरीची तार सोडून ठेवावी.

चौथी बाब अर्थिंगची, आणि आमचा घात झाला तो येथेच. आमच्या सेन्सराची परतीची तार इंजिनाच्या बोल्टास आवळली होती आणि ईसीयूचे अर्थिंग दिव्यांच्या तारेत जोडले होते. दिवे लागले की त्या तारेतून बराच प्रवाह वाहे आणि ईसीयूची जमीन इंजिनाच्या जमिनीहून व्होल्टाच्या पाचव्या हिश्शाने वर उचलली जाई. आता ज्या सेन्सरात शून्य दाबास ०.५ व्होल्ट आणि १० बारला ४.५ व्होल्ट येतात, त्यात एक बार म्हणजे अवघे ०.४ व्होल्ट. म्हणून त्या एवढ्याशा फरकाने खरा १.२ बार दाब पडद्यावर सुमारे ०.८ दिसे व भोंगा वाजे. दोन गावांच्या मोजणीचे दगड निरनिराळे असले म्हणजे बांधाचा तंटा मिटत नाही, तसाच हा प्रकार. उपाय साधा आहे. सेन्सराची परतीची तार ईसीयूवर सेन्सरासाठी ठेवलेल्या अर्थिंगच्या पिनेवरच न्यावी, इंजिनाच्या लोखंडास नव्हे. आणि ईसीयूचे स्वतःचे अर्थिंग स्वतंत्र तारेने बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावे.

पाचवी बाब आकड्यांच्या नोंदीची. दाबाकरिता वरील दोन टोकांचे आकडे ईसीयूत भरावे. काही सेन्सर हवेचा दाबही धरून मोजतात. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच असल्यामुळे असा सेन्सर बंद इंजिनावरही ०.९५ बारच्या आसपास दाखवील. तेवढा वजा करावा. उष्णतामानाकरिता आत थर्मिस्टर नावाचा छोटा मणी असतो. उष्णता वाढली की त्याचा विजेस होणारा विरोध घटतो. बॉशच्या प्रचलित जातीत २० अंशांवर तो सुमारे २,५०० ओहम असतो व १०० अंशांवर सुमारे १९० ओहम उरतो. ईसीयूत याच्या जोडीस एक रेझिस्टर लागतो. तो पेटीत आधीच नसेल तर ५ व्होल्टची तार व उष्णतामानाची तार यांमध्ये बाहेरून घालावा. १,००० ओहमचा घातल्यास २० अंशांवर सुमारे ३.६ व्होल्ट व १०० अंशांवर सुमारे ०.८ व्होल्ट मिळतात. ईसीयूत तक्ता दुसऱ्याच सेन्सराचा निवडला गेला, तर तारा कितीही चोख असल्या तरी आकडा खोटाच येणार.

पडताळा घेणे खर्चाचे नाही. सेन्सर बसविण्यापूर्वी त्याचे धातूचे टोक तेवढे उकळत्या पाण्यात धरावे व मल्टिमीटरने विरोध मोजावा. आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तेव्हा वरील जातीचा सेन्सर २०० ओहमच्या जवळपास दाखवील. बसविल्यानंतर, रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनावर पहाटे पडदा पाहावा. तेलाचे उष्णतामान बाहेरच्या हवेइतके दिसले पाहिजे आणि दाब शून्य दिसला पाहिजे. नंतर इंजिन मंद गतीवर ठेवून दिवे लावावे व मालवावे. दाबाचा आकडा हलला तर अर्थिंग चुकले असे खुशाल समजावे. ही शेवटची परीक्षा आम्ही पहिल्याच दिवशी घेतली असती तर आमचे इंजिन वाचले असते.

सहावी बाब भोंग्याच्या मर्यादेची. एकच आकडा सर्व वेळी लावू नये. दर हजार फेऱ्यांस निदान ०.७ बार, असा एक ढोबळ हिशेब कारागीर धरतात. तथापि कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा असल्यास तोच प्रमाण मानावा. तेल ९० ते ११० अंशांपर्यंत तापणे साधारण आहे. १२० च्या पुढे गेल्यास भार कमी करावा. दाब क्षणभर हलल्याने भोंगा वाजू नये म्हणून दोन-तीन सेकंदांची मुदत ठेवावी, अधिक नको.

येथे एक धोका ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उष्णतामानाची तार तुटली तर पडदा आग दाखवीत नाही, उलट शून्याखालचा गारठा दाखवितो. म्हणजे तार तुटली असता पहारेकरी झोपतो आणि सर्व क्षेम आहे असे सांगत राहतो. म्हणून दाबाचा इशारा ०.२५ व्होल्टच्या खाली किंवा दोहोंपैकी कोणताही इशारा ४.७५ व्होल्टच्या वर गेल्यास ते सेन्सराचे दुखणे समजून निराळा दिवा लागावा, अशी सोय ईसीयूत करून घ्यावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शून्याखालचे उष्णतामान दिसणे ही तक्रारच होय.

तारा पीळ देऊन चिकटपट्टीने गुंडाळू नयेत. योग्य टोप्या दाबून बसवाव्या. धुराड्यापासून व अल्टरनेटरपासून त्या दूर न्याव्या, हादऱ्यासाठी थोडी ढील ठेवावी आणि उंदरांपासून बचावास नळी चढवावी. शेवटी, कोणत्या रंगाची तार कोणत्या पिनेवर गेली हे एका कागदावर लिहून ट्रॅक्टराच्या पुस्तिकेत ठेवावे. ज्याची नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही, हा कचेरीतला नियम येथेही खरा आहे. उद्या दुसरा कारागीर आला तर त्यास तोच कागद वाट दाखवील.

आमच्या ट्रॅक्टरावर आता भोंगा पुन्हा जोडला आहे. गेल्या दोन हंगामांत तो दोनदाच वाजला, आणि दोन्ही वेळा चिरंजीवांनी इंजिन तत्काळ बंद केले. एकदा तेल खरोखर कमी होते. एकदा तेलाचे उष्णतामान १२५ वर गेले होते व रेडिएटरची जाळी भुशाने बुजलेली आढळली. ज्यांच्या घरी असा सेन्सर आधीच बसविलेला असेल त्यांनी निदान दिव्यांची ती परीक्षा मृगापूर्वी एकदा घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.