छत्री चालते, मग केबल का अडते?

मागच्या भागात छत्री कशी बसवायची ते पाहिलं. या वेळी त्याच घरात येणाऱ्या दुसऱ्या वायरीकडे, म्हणजे केबलकडे वळू.

बारडोली सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. पुढे व्यारा, मग नवापूर, नंदुरबार. याच वाटेने खानदेशातून बारडोलीकडे येऊन स्थिरावलेल्या घरांत छत्री आणि केबल या दोन्ही सोयी एकत्र असण्याला कारण आहे. गुजराती वाहिन्या आणि गावातल्या बातम्या केबलवर मिळतात, तर सह्याद्री डीडी फ्री डिशवर, महिन्याचं भाडं न भरता. अशा घरांतली नेहमीची तक्रार म्हणजे छत्री स्वच्छ दिसते, पण केबलचं चित्र अडकतं, चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो. मग कोणीतरी सुचवतं, ‘सिग्नल कमी आहे, बूस्टर लावा.’

बूस्टर सगळ्यात शेवटी, असं माझं ठाम मत आहे. बूस्टर येणाऱ्या सिग्नलबरोबर त्यातला कचराही तेवढाच वाढवतो. शिवाय सिग्नल मुळात पुरेसा असेल, तर बूस्टरने तो इतका फुगतो की चित्र आणखी बिघडतं.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सुरतेत डिजिटल केबलची मुदत ३१ मार्च २०१३ होती, बारडोलीसारख्या नगरपालिकांच्या गावांसाठी ३१ डिसेंबर २०१५. त्यापूर्वी सिग्नल घसरला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि दोष हळूहळू वाढताना दिसायचा. डिजिटलमध्ये तसं होत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र झकास दिसतं आणि तिच्या खाली गेलं की एकदम कोसळतं. म्हणून काल ठीक होतं आणि आज गेलं, याचा अर्थ बिघाड कालच झाला असा नाही. वायर कदाचित दोन पावसाळे कुजत असेल.

पहिली चाचणी फुकट आहे. केबलवाल्याची वायर घरात जिथे शिरते, तिथेच बॉक्स आणि टीव्ही नेऊन थेट जोडा. मध्ये काहीही नको. चित्र स्वच्छ आलं, तर दोष तुमच्या घरात आहे. तिथेही अडकलं, तर तो बाहेरचा. एवढं कळलं तरी निम्मा वाद मिटतो.

दोष घरातला निघाला की शोकेसच्या मागे हात घाला. तिथे बहुधा एक चपटी धातूची डबी सापडेल: स्प्लिटर. दोन वाटा करणारा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साधारण साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून कमी सिग्नल पुढे जातो. चार वाटांचा सुमारे सात डेसिबल खातो. प्रत्येक टीव्हीला जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. पूर्वी चार खोल्यांत टीव्ही होते आणि आता एकच उरला असेल, तरी ती डबी तिथेच राहते आणि आपला वाटा खातच राहते. ती काढून वायरी सरळ जोडल्या की पुष्कळदा काम होतं.

आता छत्रीचा संबंध. डिशचा बॉक्स छत्रीच्या दांडीवरच्या एलएनबीला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट वीज पाठवतो. कोणत्या व्होल्टेजवर आहोत, त्यावरून एलएनबीला उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या ते कळतं. घराला रंग देताना, टाइल्स बसवताना भिंतीत एकच वायर गाडली जाते आणि नंतर कोणीतरी साध्या स्प्लिटरने छत्री आणि केबल तिच्यातच एकत्र करतं. मग ती वीज केबलच्या बाजूला शिरते. स्प्लिटरच्या आतली इवलीशी कॉइल त्या विजेने संपृक्त होते आणि केबलचा सिग्नल विद्रूप होतो. कधी डिशचा बॉक्सच शॉर्ट असल्याचा संदेश देतो. दोष केबलचा दिसतो, पण तो घडवते छत्रीची वायर.

एकाच वायरीतून दोन्ही न्यायचंच असेल, तर डिप्लेक्सर लागतो. केबलचे सिग्नल साधारण ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत असतात आणि एलएनबी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये पाठवतो. मधल्या मोकळ्या पट्ट्यामुळे दोन्ही एकमेकांना न अडवता जाऊ शकतात. पण डिप्लेक्सर दोन्ही टोकांना हवा, एक मिसळायला आणि एक वेगळं करायला. जमत असेल, तर दुसरी वायर ओढणं केव्हाही चांगलं.

जोडाची पिन उघडून पाहा. मधली तार तांबूस, चमकदार हवी. भोवतालच्या जाळीवर पांढरी भुकटी किंवा हिरवा थर असेल, तर पाणी आत गेलं आहे. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चिकटला तरी सिग्नल मरतो. वायर छाटून नवी पिन लावा आणि वायर घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी ओघळून बाहेरच पडेल. गुजरातेत उत्तरायणानंतर तपासणी खास करावी. १४ जानेवारीला सगळा मोहल्ला धाब्यावर असतो. मांजा वायरींत अडकतो, ओढाताणीत जोड सैल होतात, छत्रीलाही धक्का बसतो.

काही मोजक्याच वाहिन्या अडकत असतील, तर कथा वेगळी. वायर जितकी लांब, तितकं वरच्या फ्रिक्वेन्सीचं नुकसान जास्त. ८६० मेगाहर्ट्झला आरजी-६ वायर शंभर मीटरमागे सुमारे वीस डेसिबल खाते. तीच खालच्या टोकाला पाचच्या आसपास. शिवाय मोबाईलच्या ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी केबलच्याच पट्ट्यात येतात. जोड सैल असेल तर त्या आत घुसतात. फोन बॉक्सपासून दूर नेऊन पाहा. फरक पडला तर जोड घट्ट करायचा.

मार्चच्या पूर्वार्धात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास थोडी मिनिटं फ्री डिश गेली, तर काही उघडू नका. बारडोलीहून तिचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून ५६ अंश वर आहे आणि त्या वेळी सूर्य बरोबर त्याच्या मागे येतो. केबलवाल्याच्याही छत्र्याच असतात. त्यांच्या उपग्रहांमागे सूर्य आला की त्यांच्या वाहिन्याही तेवढ्यापुरत्या जातात, वेळ मात्र वेगळी असते.

केबलवाल्याला फोन कराल तेव्हा नुसतं ‘दिसत नाही’ म्हणू नका. सगळ्या वाहिन्या की ठरावीक, पाऊस असताना की उन्हात, थेट जोडल्यावर काय झालं आणि बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद किती, गुणवत्ता किती, हे सांगा. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल, तर बूस्टरचं नाव काढणाऱ्याला तिथेच थांबवा आणि जोड तपासायला लावा.

पुढच्या आठवड्यात: टीव्हीच्या मागे हात लावला की झिणझिण्या का येतात आणि अर्थिंग कसं तपासायचं.