शिक्षा नको की बंदीच नको?

गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार न मानणं वेगळं आणि गांजाची विक्री कायदेशीर करणं वेगळं. पोर्तुगालने २००१मध्ये पहिली वाट धरली. खिशात २५ ग्रॅमपर्यंत गांजा सापडला, तर पोलीस तो जप्त करतात आणि माणसाला कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे धाडतात. व्यसन जडलंय का, उपचार हवेत का, याची चौकशी तिथे होते. कोठडीपेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं! विकणाऱ्याला मात्र तुरुंगच. कॅनडाने २०१८मध्ये विक्रीही खुली केली. परवाना, कर आणि वयाची अट घालून. आपला १९८५चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा भांगेची पानं वगळतो. पण किलोपर्यंतचा गांजा बाळगल्यास वर्षभरापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.