पोरांचा बेसबॉल, तोडीची पाळी आणि खोपोलीची सहल



या पानावर आम्ही बहुधा पाचट, खोडवा आणि बेणे यांवरच लिहितो. या खेपेस ऊस थोडा बाजूला ठेवण्याची परवानगी संपादकांनी दिली आहे. अगदीच बाजूला राहणार नाही, हे पुढे दिसेलच.

आपल्या कारखान्याच्या शाळेचा चौदा वर्षांखालील मुलांचा बेसबॉल संघ जानेवारी २०२५ मध्ये पुण्याला स्पर्धेसाठी गेला आणि तिथून खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात सहल करून आला. या दौऱ्याची आखणी शाळेने आमच्या गळ्यात घातली. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, तुम्ही एवढ्या टोळ्यांचा प्रोग्रॅम लावता, पंधरा पोरांचा लावायला कितीसा वेळ?" हंगामात टोळ्या लावणे सोपे, हे आम्हाला नंतर कळले. यंदा पुन्हा जायचे घाटते आहे. गट कार्यालयात येणारे सभासद उसाची नोंद सोडून पोरांचे विचारतात, म्हणून काय झाले, काय चुकले ते लिहितो.

खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एका बाजूला नऊ गडी. पिचर चेंडू फेकतो, समोरचा दांडक्याने मारतो आणि चार ठाणी फिरून परत आला की एक धाव. मोठ्यांच्या मैदानात एका ठाण्यापासून दुसरे ९० फुटांवर, म्हणजे आपल्या साडेचार फुटी सरीच्या बरोबर वीस सऱ्या. अमेरिकेत १९३९ साली विल्यम्सपोर्ट गावी मुलांसाठी 'लिटल लीग' सुरू झाली. तिच्यात बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना हेच अंतर ६० फूट आणि पिचर ४६ फुटांवर, म्हणजे दहा सऱ्या आणि वर एक फूट. शाळेमागच्या पडीक तुकड्यात आम्ही याच मापाने फक्की मारून दिली. सऱ्या मोजून दिल्यावर पोरांना माप एकदम पटले.

खेळाच्या दौऱ्यात उद्यान कशाला, असे एका संचालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. ही कल्पना क्रीडाशिक्षकांची, आणि त्यांनी ती घेतली फ्लोरिडावरून. तिथे ऑर्लँडोजवळ १९७१ साली डिस्नेचे अवाढव्य उद्यान सुरू झाले आणि १९९७ साली त्याच आवारात खेळांची मैदाने बांधली गेली. मुलांचे संघ स्पर्धेला येतात, सोबत आईबाप, भावंडे येतात. सकाळी सामना, मग पाळणे. घराची वर्षाची सहल आणि पोराची स्पर्धा एकाच खर्चात. जाता जाता सांगतो, याच फ्लोरिडात ओकीचोबी तलावाच्या दक्षिणेला काळ्याभोर मातीत ऊसही पिकतो, आणि बेल ग्लेड गावी ऊस उत्पादकांची सहकारी संस्था १९६० पासून आहे. तोडणी तिथे यंत्राने. फुले वाहून तोडीची वाट पाहणे तिथल्या सभासदाला करावे लागते की नाही, कोण जाणे!

आपल्याकडे मैदान पुण्यात आणि उद्यान घाट उतरून ७५ किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे एका आवारात होणारे काम आपल्याला दोन मुक्कामांत करावे लागते. आमच्या पिढीची शाळेची सहल गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जायची. ते २०२२ मध्ये बंद झाले, पण तिकडून आल्यावर आम्ही महिनाभर दुसरे बोलत नव्हतो. पोरांच्या त्या आनंदाला खर्च म्हणणे आमच्या जिवावर येते.

आता मुख्य अडचण. स्पर्धा जानेवारीत, म्हणजे ऐन गाळपात. संघाचा सर्वांत चांगला पिचर बारा वर्षांचा. त्याच्या वडिलांना गावात सगळे तात्या म्हणतात. तीस गुंठे पूर्वहंगामी ऊस, आणि तोडीची पाळी नेमकी स्पर्धेच्या आठवड्यात. तात्या कार्यालयात आले, खुर्चीवर न बसता उभ्यानेच बोलले.

"साहेब, तोड आली म्हंजी घरात माणूस लागतं. टोळीला पानी, वाढं गोळा करायचं, गाडी रस्त्याला लागंस्तवर थांबायचं. माझ्या पायाचं आपरेशन झालंय. पोरगं पुन्याला गेलं तर करायचं कुनी? आठ दिस आदी तोड द्या, मग न्या पोराला खुशाल."

खरे सांगायचे तर आम्ही दोन मिनिटे गप्प बसलो. प्रोग्रॅमचा कागद आमच्याच टेबलावर होता. एक नाव वर सरकवले असते तर पिचर मिळत होता, तात्या खूश, मुख्याध्यापक खूश. पण त्या गटात लागणीच्या तारखेप्रमाणे तात्यांच्या पुढे एक्केचाळीस प्लॉट होते. त्यांतल्या कुणाच्या घरी लग्न, कुणाचे दवाखान्याचे बिल, कुणाला गहू टोकायला रान मोकळे हवे. आज पिचरच्या बापाची पाळी पुढे गेली, तर उद्या कॅचरच्या मामाची आणि परवा कुणाकुणाच्या मेव्हण्याची जाईल. आम्ही म्हटले, "तात्या, तारीख बदलता येणार नाही. पण तुमच्याकडे माणूस उभा राहील एवढे बघतो."

तात्या रागावूनच गेले. चार दिवस त्यांनी आमचा रामराम घेतला नाही.

मार्ग काढला तो त्यांच्या बांधाशेजारच्या सभासदाने. त्याचा मुलगा संघात नाही, बेसबॉल म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नाही. तो म्हणाला, "माझी दोगं हायती की घरात. वाढं आमी उचलतो, निम्मं आमच्या म्हशीला." सावड म्हणतात ती हीच. गंमत अशी, की टोळी मागे पडली आणि तात्यांची तोड आली संघ परतल्यावर तिसऱ्या दिवशी. पोरगा स्वतःच वाढे उचलायला हजर होता, आणि शेजाऱ्याला त्याचे निम्मे वाढे मिळाले ते मिळालेच.

पैशाचे. एका हितचिंतकाने सुचविले, की उसाच्या बिलातून टनाला पाच-दहा पैसे कापा, कुणाला कळणारही नाही. कळणार नाही म्हणूनच आम्ही नको म्हटले. ज्याचा मुलगा शाळेत नाही त्याच्या बिलाला हात का लावायचा? निम्मा खर्च पालकांनी आणि निम्मा शाळेच्या क्रीडा निधीने करायचा, असे ठरले. पालकांचा वाटा प्रत्येकी १,८०० रुपये आला. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण ज्याचा ऊस मार्चमध्ये जाणार त्याच्याकडे जानेवारीत रोकड कुठून यावी? म्हणून दोन हप्ते केले. दुसरा हप्ता ज्याचे त्याचे बिल निघाल्यावर. एकाचाही हप्ता थकला नाही.

गाडी एस.टी.चीच घ्यावी, हा आमचा आग्रह राहील. शाळेच्या सहलीला प्रासंगिक करारावर एस.टी. घेतली की भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. मुख्याध्यापकांचे पत्र आणि मुलांची यादी लागते. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी व पालकांची संमतीपत्रे यांना वेळ लागतो, ती कामे दिवाळीपूर्वीच उरकावीत. गेल्या वेळी दोन संमतीपत्रे निघायच्या आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात सही करून आणली.

सामानाच्या यादीत आमची चूक झाली, ती कबूल करतो. हेल्मेट, कॅचरचा मुखवटा, छातीचे व पायांचे गार्ड, दांडकी, चेंडू, सगळे दोनदा मोजले. 'ग्लोव्ह १२' असे लिहिले आणि पुढे खूण केली. पण उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात असतो आणि डावखुऱ्याचा उजव्या. संघात एक डावखुरा, आणि त्याचा ग्लोव्ह शाळेच्या कपाटात! पहिला सामना तो पोरगा उलट्या हाताने झेलत खेळला. दोन झेल सुटले. आम्हाला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

ज्या गोष्टीवरून गावात अजून चर्चा चालते, ती आता सांगतो. पिचरने किती चेंडू टाकायचे, हे आम्ही आणि क्रीडाशिक्षकांनी इथेच, गावात बसून ठरविले होते. लिटल लीगने २००७ पासून चेंडूंची मोजदाद ठेवली आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ पेक्षा जास्त टाकायचे नाहीत. चालू फलंदाज पुरा करायची तेवढी मुभा. ६६ च्या वर टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. आमच्या स्पर्धेत ही अट नव्हती. पण वाढत्या वयात कोपराच्या हाडाची टोके कच्ची असतात. तोच झटका शंभर-दीडशे वेळा बसला तर तिथे इजा होते, आणि कधी कधी ती कायमची राहते. म्हणून नियम आपला आपण लावून घेतला आणि निघण्यापूर्वी पालकांना वाचून दाखविला.

पहिल्या दिवशी दुसऱ्या मुलाने पिचिंग केले आणि आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी तात्यांचा मुलगा उभा राहिला. आम्ही कडेला बसून मोळ्या मोजतो तशा पाचापाचाच्या रेघा ओढत होतो. सहा-पाच असे आपण पुढे, आणि रेघा भरल्या. त्या फलंदाजापुरते ८७ झाले. शिक्षकांनी आमच्याकडे पाहिले. पोरगा मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होता. आम्ही वही मिटली. तिसरा मुलगा आला, त्याला सराव कमी, आणि सामना आठ-सहाने गेला. तिसऱ्या दिवशी आमचा गडी हात फिरवून दाखवीत होता, "काय बी दुखत न्हाई सर." त्याला मैदानात उभे केले, पिचिंग दिले नाही. तोही सामना गेला आणि साखळीतच आपण बाहेर पडलो.

परत आल्यावर कार्यालयाच्या दारातच ऐकावे लागले. "पोरगं दमलं नव्हतं, मग काढलं कशाला?" मंडळी, बैलही गाडीला असेपर्यंत दमलेला दिसत नाही. खांदे आलेले कळतात दुसऱ्या दिवशी, जू ठेवायला गेल्यावर. आमची चूक झाली ती दुसरीच, आणि आखणीतली. तीन दिवसांत तीन सामने, तर तयार पिचर तीन लागतात. आम्ही दोनच तयार केले होते. यंदा जूनपासून चार मुलांना फेकीचा सराव चालू केला आहे.

तात्या काय म्हणाले, असे बरेच जण विचारतात. ते काहीच म्हणाले नाहीत. पण तोडीच्या दिवशी आम्ही प्लॉटवर गेलो तेव्हा त्यांनी चहा पाठविला, आणि पोराच्या दंडाकडे बघून म्हणाले, "हात चांगला हाय त्याचा."

आखणीतली दुसरी चूक उद्यानाच्या तारखेची. अंतिम सामना खेळणारच, अशा उत्साहात आम्ही तिकिटे पाचव्या दिवसाची काढली होती. चौथा दिवस रिकामा पडला. पंधरा पोरे शाळेच्या वर्गखोलीत बसवून ठेवणे अशक्य. म्हणून कारखान्याच्या ओळखीने त्यांना मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये नेले. १९७५ साली स्थापन झालेली ही आपल्या धंद्याची संस्था. पोरे आधी कंटाळली. पण ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत बाटलीतली उसाची रोपे पाहिल्यावर एकाने विचारले, "यांना पाणी कोण पाजतं?" पुढचा अर्धा तास आम्हाला बोलावे लागले नाही. यंदा तिकिटे साखळी संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची काढू. पुढे गेलोच तर उद्यान पुढच्या वर्षी.

उद्यानाबद्दल पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. मुलांची उंची घरीच मोजून त्यांना आधी सांगावे, म्हणजे रांगेच्या तोंडाशी रडारड होत नाही. आणि अशा ठिकाणी बहुधा बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. आमच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या एस.टी.तच राहिल्या. संध्याकाळी वाहनतळावर बसून पोरांनी त्यांचा असा फडशा पाडला, की चालकदादांना शेवटची भाकरी वाटून घ्यावी लागली.

एक विषय राहिला. शाळेच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ आहे. त्यांचा चेंडू १२ इंच घेराचा, मुलांचा ९ इंचाचा. बाकी मेहनत तेवढीच. चौदा मुलींनी सह्या करून मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे, की सहल मुलांचीच का? आमच्याकडे याचे उत्तर नव्हते. लिटल लीगमध्येसुद्धा मुलींना दार उघडले ते कोर्टकचेरी झाल्यावर, १९७४ साली. आपल्याकडे तेवढी वेळ यायला नको. अर्ज संचालक मंडळापुढे ठेवला आहे. दोन गाड्या कराव्या लागतील, आणि मुलींसोबत शिक्षिका व दोन माता-पालक हव्यात. ज्या भगिनींना पाच दिवस येणे जमेल त्यांनी आपले नाव गट कार्यालयात नोंदवावे. गेल्या दौऱ्याचा जमाखर्च तिथेच फलकावर लावलेला आहे, तोही पाहून जावा.

त्या मुलींत दोघी डावखुऱ्या आहेत. त्यांचे ग्लोव्ह यादीत वेगळे लिहिले आहेत.