भुताच्या हॉटेलात चार वर्षांच्या मुलीला न्यावं का?

टेंभुर्णीच्या एका आईने प्रश्न पाठवला आहे. थोरल्या मुलाला दहावं वर्ष लागतंय आणि वाढदिवसाला पुण्यातल्या भुताच्या थीमच्या हॉटेलातच जेवायचं, असा त्याचा हट्ट आहे. अंधार, लाल दिवे, भिंतीवर सांगाडे आणि मुखवटा घालून वाढायला येणारे वेटर. बरोबर चार वर्षांची धाकटी असणार आणि जावेचं वर्षाचं बाळही. घरात दोन तट पडलेत. दीर म्हणतात, “सगळं खोटं असतंय, त्यात काय घाबरायचं?” सासूबाई म्हणतात, “लेकरू दचकलं तर रात्रभर घेऊन कोण बसणार?” अडीच-तीन तास गाडी चालवून जायचं आणि धाकटी दारातच रडायला लागली, तर वाढदिवसही गेला आणि पैसेही.

लहान मुलांची भीती हा माझ्या पीएचडीचा विषय आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणारच होता. थोडक्यात उत्तर असं: “हॉटेल किती भीतीदायक आहे?” हा अर्धाच प्रश्न झाला. कोणत्या वयाच्या मुलाला त्यातलं नेमकं काय घाबरवतं, आणि घाबरल्यावर त्याला तिथून बाजूला होता येतं का, हा उरलेला अर्धा. आता हे जरा सविस्तर बघू.

लहान मूल दिसतं त्याला घाबरतं, मोठं मूल कळतं त्याला

अहमदाबादच्या लाल दरवाजा भागात ‘न्यू लकी’ नावाचं जुनं हॉटेल आहे. तिथे टेबलांच्या मधोमध खऱ्या कबरी आहेत. भोवती लोखंडी कठडे, आणि शेजारी बसून लोक चहा आणि मस्का बन खातात. पहिल्यांदा जाणारा मोठा माणूस क्षणभर थबकतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र तिथे कठड्यातला हिरवा चौथरा दिसतो. कबर म्हणजे काय हे कळल्याशिवाय कबरीची भीती वाटत नाही.

आता उलटं उदाहरण. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘रेनफॉरेस्ट कॅफे’ माहीत असेल. १९९४ मध्ये मिनेसोटातल्या ‘मॉल ऑफ अमेरिका’मध्ये पहिलं सुरू झालं. खोटं जंगल, यंत्रावर हलणारे गोरिला आणि हत्ती. ठरावीक वेळाने दिवे मंद होतात, विजा चमकतात, ढग गडगडतात, गोरिला ओरडतात. यात भूत नाही, मरण नाही, मोठ्यांच्या लेखी हे मुलांचंच हॉटेल. तरीही दोन-तीन वर्षांची मुलं तिथे टेबलाखाली शिरू शकतात, कारण मोठा आवाज, अचानक होणारा अंधार आणि आपल्याहून प्रचंड असं काहीतरी हलणं हे समजायला काही ‘कळावं’ लागत नाही.

हा फरक संशोधनात स्पष्ट दिसला आहे. सिंथिया हॉफ्नर आणि जोआन कँटर यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना एका म्हातारीची व्हिडिओ गोष्ट दाखवली. काहींच्या गोष्टीत ती प्रेमळ आजीसारखी दिसत होती, काहींच्या गोष्टीत चेटकिणीसारखी. वागणंही दोन प्रकारचं: कुठे मांजराशी मायेने, कुठे दुष्टपणाने. मग विचारलं, ही बाई पुढे कशी वागेल? तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या उत्तरांवर रूपाचा पगडा जास्त होता. नऊ-दहा वर्षांची मुलं वागण्याकडे जास्त लक्ष देत होती.

म्हणजे मुखवटा घातलेला वेटर कितीही प्रेमाने पाणी देवो, धाकटीच्या लेखी तो दिसतो तसाच आहे. थोरल्याला मात्र तो पाणी देतोय हेही दिसतं, आणि त्यातच त्याला गंमत वाटते.

“खोटं आहे” एवढं सांगून का भागत नाही

आपल्या भागात पोतराज दारात आला की काय होतं ते आठवा. आसूड, घुंगरं, मळवट आणि वाद्याचा आवाज. आठ-दहा वर्षांची पोरं मागे मागे पळतात, लहानगी आईच्या पदराआड जातात. “अगं, माणूसच आहे तो” हे वाक्य त्यांना ऐकू येतं, पण त्याचा उपयोग होत नाही.

का होत नाही, याचा एक धागा १९६९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात सापडतो. रेता डी-व्हरीस या संशोधिकेने मेनार्ड नावाचं एक शांत मांजर घेतलं. मुलांनी आधी त्याला कुरवाळलं. मग त्याचं तोंड पडद्याआड ठेवून त्याला कुत्र्याचा मुखवटा घातला. मागचा भाग, शेपटी सगळं मुलांच्या समोरच होतं. तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांनी सांगितलं, आता हा कुत्रा झाला. सहा वर्षांच्या मुलांना मात्र पक्कं ठाऊक होतं की आत मांजरच आहे. तुमच्यासमोर वेटरने मुखवटा चढवला तरी तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘आत तोच माणूस’ हे पटेलच असं नाही.

दुसरा धागा पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या प्रयोगांचा. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामी पेटी दाखवली आणि आत राक्षस आहे अशी कल्पना करायला सांगितलं. राक्षस खरा नाही, हे मुलं नीट सांगत होती. पण खोलीत एकटं राहायची वेळ आल्यावर काहींची चलबिचल झाली. खोटं आहे हे माहीत असणं आणि भीती न वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री जुन्या वाड्यात एकट्याने पाणी प्यायला उठलेल्या मोठ्या माणसालाही हे पटेल.

म्हणून दिरांचं म्हणणं दहा वर्षांच्या मुलाला लागू पडतं, चार वर्षांच्या मुलीला नाही.

बाळ तुमच्या तोंडाकडे बघतं

वर्षाच्या बाळाला सांगाडा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ते दोन गोष्टींवर चालतं: आवाज आणि आईचा चेहरा. १९८५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात बारा महिन्यांच्या बाळांना जाड काचेवर ठेवलं होतं. काचेखाली पुढे पायरीएवढा खड्डा दिसायचा. पलीकडे आई उभी. तिने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार झाली. तिने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही पुढे गेलं नाही.

याचा अर्थ असा की आई स्वतः दचकत असेल तर बाळाला समजवण्यात अर्थ नाही. तुम्ही स्वस्थ असाल तर बरंच निभावतं. मात्र कर्णकर्कश आवाजावर हसरा चेहरा हा पुरेसा इलाज नाही.

बटण कुणाच्या हातात?

माझ्या मते सगळ्यात उपयोगी अभ्यास हा आहे. मेगन गुन्नर यांनी १९७८ मध्ये वर्षाच्या बाळांसमोर झांजा वाजवणारं यंत्राचं माकड ठेवलं. काही बाळांना ते स्वतः सुरू करता येत होतं, काहींसमोर ते आपोआप वाजायचं. खेळणं तेच, आवाज तोच. पण स्वतःच्या हाताने सुरू करता आलं तेव्हा भीती कमी झाली. विशेषतः मुलग्यांमध्ये हा फरक ठळक होता.

हॉटेलची खरी अडचण इथे आहे. जत्रेतला भूतबंगला पाच मिनिटांत संपतो. टीव्ही बंद करता येतो. पोतराज आला तर घरात पळता येतं. हॉटेलात मात्र ऑर्डर दिलेली असते, खुर्ची भिंतीला टेकलेली असते, आणि बिल होईपर्यंत तास-दीड तास तिथेच बसायचं असतं. लहान मुलाच्या हातात ना बटण ना दार.

थोरल्याचं काय? त्याला भीती हवीच आहे, आणि त्यात वावगं काही नाही. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भूतबंगल्यात ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडला: भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त झाली तरीही नाही, मजा मधल्या पट्ट्यात आहे. त्यातले सगळे बारा वर्षांच्या पुढचे होते, पण मधल्या पट्ट्याची ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकाच टेबलावर दहा वर्षांच्या मुलाचा मधला पट्टा आणि चार वर्षांच्या मुलीचा मधला पट्टा एकमेकांशी जुळत नाहीत, एवढाच हा पेच.

मग ठरवायचं कसं?

आधी फोन करा. “मुलांना चालतं का?” असं विचारू नका, “चालतं” हेच उत्तर मिळेल. असं विचारा: अचानक दिवे जातात का? मोठा आवाज किती वेळाने होतो? मुखवटेवाला टेबलाशी येतो का, आणि येऊ नको म्हटलं तर ऐकतो का? उजेडातलं किंवा दाराजवळचं टेबल मिळेल का?

मग आतले फोटो किंवा व्हिडिओ धाकटीला घरी, दिवसाउजेडी दाखवा. मोबाइल तिच्या हातात द्या, नको वाटलं तर तिला बंद करू दे. ती पुन्हा लाव म्हणाली तर एक गोष्ट. तिने मोबाइल उलटा ठेवला तर तुमचं उत्तर मिळालं.

शक्यतो दुपारचं जेवण धरा. ऑर्डर देण्याआधी तिला कडेवर घेऊन एक फेरी मारा, आणि बाहेर कोण थांबणार ते आधीच ठरवा. भीती अनेकदा रात्री झोपताना वर येते. संध्याकाळी जेवून अंधारात हायवेने परत टेंभुर्णी गाठायची आणि लगेच झोपायचं, हा बेत त्या दृष्टीने वाईटच.

या घरासाठी माझं मत: तुम्ही लिहिलंय तसं मुखवटे, अंधार आणि आवाज तिन्ही असतील, तर धाकटीला आणि बाळाला आत नेऊ नका. वडील किंवा काका थोरल्याला आणि त्याच्या मित्रांना घेऊन जातील, बाकीचे शेजारच्या साध्या हॉटेलात जेवतील, केक सगळ्यांनी मिळून कापायचा. नुसते सांगाडे टांगलेले असतील आणि उजेड बरा असेल, तर फेरी मारून तिथेच ठरवा.

आणि ती रडलीच, तर तिला “भित्री” म्हणू नका, भावालाही म्हणू देऊ नका. चौथ्या वर्षी मुखवट्याला घाबरणं म्हणजे तिचं वय तिच्याजागी बरोबर आहे. घरी आल्यावर कागदाचा मुखवटा करून द्या. आधी तिने घालायचा, तुम्ही घाबरायचं. कधी थांबायचं ते तिला ठरवू द्या. आणि पुढचे काही दिवस घास भरवताना “खा, नाहीतर तो हॉटेलातला येईल” हे वाक्य कुणाच्याही तोंडून येणार नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सासूबाईंनाही.