आठ डबे तेलाचा हिशेब

रमजान ईद झाल्यावर अम्मींनी तेलाचे रिकामे डबे भंगारवाल्यासाठी अंगणात मांडले. मोजले तर आठ! वर्षभरात एवढे? आमचा महिन्याचा बाजार तामलवाडीहून सोलापूरला जाऊन भरला जातो, त्यामुळे एकेका डब्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

पंधरा किलोचा डबा. आठांचे 120 किलो. घरात माणसं सहा. म्हणजे माणशी वर्षाला 20 किलो.

हे जास्त की कमी? नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालात भारतातला माणशी खाद्यतेलाचा वापर 19.7 किलो दिला आहे. म्हणजे आपण चारचौघांसारखेच, असं वाटून मला बरं वाटलं. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस माणशी 12 किलोची आहे. त्या हिशेबाने आम्हाला पाच डबेसुद्धा पुरून उरायला हवेत. शिवाय सहांतली एक चार वर्षांची. तिच्या वाट्याचं तेल कोण खातं? अब्बूंची रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून हा प्रश्न मला सोडवेना.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतं, पण त्याच्या दाण्यात तेल जेमतेम 18 ते 20 टक्के. एका डब्याला पाऊण क्विंटलहून जास्त सोयाबीन लागतं. आठ डबे म्हणजे सहा क्विंटल, कोरडवाहू एकराचं चांगलं पीक! तरीही देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यात इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल मोठं.

साखरेची गंमत वेगळी. देशात वर्षाला सुमारे 280 लाख टन साखर खपते, म्हणजे माणशी 20 किलो. आमच्या डब्यातून एवढी जात नाही, म्हणून मी खूश झाले. पण देशातली निम्म्याहून अधिक साखर बिस्किटं, मिठाई, शीतपेयांतून पोटात जाते. ती किराण्याच्या यादीत 'साखर' म्हणून लिहिलेलीच नसते.

चहात आपण जगाच्या पुढे असू असं वाटतं ना? तुर्कस्तानात माणशी वर्षाला तीन किलोच्या वर चहापत्ती लागते. आपल्याकडे किलोभरही नाही. ते लोक बिनदुधाचा चहा दिवसभर छोट्या ग्लासांतून पितात.

सरासरी फसवतेही. आइसलँडमध्ये माणशी वर्षाला 50,000 युनिटच्या वर वीज खपते, भारतात 2023-24 मध्ये ती 1,395 युनिट होती. तिथल्या घरांत इतके दिवे थोडेच असतात? बहुतेक वीज ॲल्युमिनियमचे कारखाने खातात. उद्या कुणी तामलवाडीच्या कारखान्यांची वीज गावकऱ्यांत वाटून सरासरी काढली, तर आपणही श्रीमंत दिसू.

पाण्याला मात्र कारखान्याचं निमित्त सांगता येत नाही. जलजीवन मिशनचं ग्रामीण प्रमाण माणशी दिवसाला 55 लिटर. रसूलुल्लाह (स.) एका मुद्द पाण्यात वजू करत, अशी हदीस आहे, मुद्द म्हणजे साधारण लिटरच्या आतबाहेर. आमच्या नळाखाली मी तांब्या ठेवून पाहिला, तर एका वजूत तो तीनदा भरला. मोजणं बंद केलं.

अम्मींना आकडे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग इफ्तारची भजी बंद करायची का?" बंद नाही, पण रोज नाही, यावर तूर्त समझोता झाला आहे. ईदनंतर आणलेल्या पहिल्या डब्यावर मी खडूने तारीख लिहिली आहे.