असॅसिन्स क्रीड: प्रमुख भागांची तुलना
असॅसिन्स क्रीड ही युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची ऐतिहासिक पार्श्वभूमीवरील व्हिडिओ गेम मालिका आहे. नायकाच्या मनगटाखाली दडवलेले पाते ही तिची ओळख असून भागाभागांतील फरकही त्यातूनच स्पष्ट होतो.

२००७ च्या पहिल्या भागात इ.स. ११९१ मधील, तिसऱ्या धर्मयुद्धाच्या काळातील जेरुसलेम, एकर व दमास्कस ही शहरे आहेत. गर्दीत मिसळून सावजाचा माग काढणे व एका घावात त्याला संपवणे हा खेळाचा गाभा होता. मात्र माग काढण्याची तीच ती कामे कंटाळवाणी होतात. २००९ च्या दुसऱ्या भागात प्रबोधनकालीन इटली असून लिओनार्दो दा विंची नायक एत्सिओला दुसरे पाते घडवून देतो. कामांतही वैविध्य आले.

टॉलेमी राजवटीतील इजिप्तवर आधारलेल्या ‘ओरिजिन्स’मध्ये (२०१७) शत्रूंना पातळ्या दिल्या गेल्या. त्यामुळे वरच्या पातळीचा शत्रू पात्याच्या घावाने मरेलच असे नाही. पेलोपोनेशियन युद्धकाळातील ‘ओडिसी’च्या (२०१८) नायकाकडे पातेच नाही; लिओनिदासच्या भाल्याचा तुटका भाग आहे. ही कथा मारेकऱ्यांच्या पंथाच्या स्थापनेपूर्वीची असल्याने ते सुसंगतच म्हणावे लागेल, परंतु गुप्तघात हा मूळ विषय त्यात मागे पडला. नवव्या शतकातील बगदाद दाखवणाऱ्या, तुलनेने आटोपशीर ‘मिराज’मध्ये (२०२३) एका घावाची पद्धत परत आली.